तुझ्या रोझमेरीला अव्वाचं पाणी

सुवर्णा, तुझ्या रोझमेरीची बुडाकडची पानं काळी पडायला लागली आहेत.

हे आधी सांगते, कारण तू कुठून परत आलीस की पहिला प्रश्न हाच असायचा. अण्णा कसा आहे, अव्वा जेवली का, हे सगळं नंतर. आधी चप्पल न काढता कुंडीपाशी जायचीस, मातीत बोट घालायचीस आणि तिथूनच ओरडायचीस, "वैनी, हिला पाणी कोण घातलंय?" मी घातलेलं नसायचं. तरी मला उत्तर द्यावं लागायचं.

आताही मी घातलेलं नाही. पण विचारणारी तू नाहीस.

तू गेलीस त्या दिवशी घरातलं सगळं मी बघितलं. कुणाकुणाला फोन, खुर्च्या, पाण्याचे जार, विभूती, बेलाची पानं, फुलं, अक्कलकोटहून येणाऱ्यांचं जेवण. कारखान्यात टॉवेलच्या गाठी रवाना करताना जशी यादी करते तशी केली आणि एकेक ओळ खोडत गेले. तुझा अण्णा आपल्या लिंगायत रीतीनं बहिणीला बसवून, माती देऊन आला, तेव्हा दारात पाणी, टॉवेल, साबण सगळं जागच्या जागी होतं. येणारे-जाणारे म्हणत होते, "सून मंगल होती म्हणून सगळं व्यवस्थित झालं." व्यवस्थित. तो शब्द कुणी उच्चारला की हल्ली मी खोलीतून उठून जाते.

मला रडायला वेळ झाला नाही, असं मी लोकांना सांगते. खरं म्हणजे वेळ खूप होता. मला ते कुठून सुरू करायचं ते सापडलं नाही.

तुझं ते झाड मला कधीच पटलं नव्हतं, हे तुला ठाऊक आहे. ज्या गावात पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्या गावात परदेशातलं झुडूप कशाला, हा माझा मुद्दा. "जाई लाव, कढीपत्ता लाव, गवती चहा लाव. उपयोगाचं काही लाव." तू म्हणायचीस, "वैनी, हिला पाणीच नको असतं. सोलापूरसाठीच बनलीय ही." आणि मग पहिलं रोप तू स्वतःच मारलंस. आपल्या गल्लीत सगळे करतात तेच केलंस. नळ यायच्या दिवशी ताजं भरायचं म्हणून पिंपातलं शिळं पाणी झाडांना ओतायचं. सगळी झाडं त्या दिवशी खूश असतात. रोझमेरी दोन नळांत मेली. सोलापुरात पाणी जास्त होऊन मेलेलं ते पहिलंच झाड असेल, असं मी म्हणाले आणि तू माझ्याशी दिवसभर बोलली नाहीस.

दुसरं वैशाखात पत्र्याच्या झळेनं गेलं. तिसरं पुण्याहून आणलंस, बसमध्ये मांडीवर घेऊन. मोहोळ येईपर्यंत शेजारच्या बाईनं तुला तीनदा विचारलं म्हणे, "बाई, बाम लावलाय का?" ते जगलं. तू काळी माती जवळजवळ बादच केलीस. मुरूम, जाड वाळू, विटांचा चुरा आणि वर नावाला थोडं शेणखत. मातीची कुंडी, खाली मोठं भोक. सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी भिंतीची सावली पडेल अशी मागच्या अंगणातली जागा. बोट दोन पेरं आत घालायचं, कोरडं लागलं तरच पाणी, नाहीतर हात मागे घ्यायचा. शाळेतल्या पोरींना शिकवावं तसं तू मला शिकवलंस. मी म्हणाले, "वार ठरवून दे, त्या वारी घालते." तू कपाळाला हात लावलास. "हिला वार नसतो गं. हिला विचारायचं असतं."

तो वाद आपला राहूनच गेला. माझं म्हणणं, घरातली कुठलीही गोष्ट वेळ लावून दिली की नीट चालते. तुझं म्हणणं, काही गोष्टींना फक्त सोडून द्यावं लागतं. "सारखं सारखं जवळ जायचं न्हाई वैनी. काही जणांना त्यानंच गुदमरतं." हे तू झाडाबद्दल बोलायलीस की आणखी कशाबद्दल, ते मी तेव्हा विचारलं नाही. तू सासरहून परत आल्यावर अव्वा लेकीला एक मिनिट एकटी सोडत नव्हती. जेवलीस का, झोपलीस का, डोकं दुखतंय का, तेल लावू का. तू कधी तिला "पुरे" म्हणाली नाहीस. दर रविवारी मुकाट तिच्यापुढं बसून डोक्याला तेल लावून घेतलंस, चाळिशी उलटली तरी. तेल लावून झालं की तू मागच्या अंगणात जायचीस आणि त्या कुंडीशेजारच्या फरशीवर बसायचीस. मी ओट्यावरून बघायचे. हाक मारायची नाही एवढं मला कळत होतं. एवढं एकच मी तुझ्यासाठी बरोबर केलं असेन.

स्वयंपाकात तू रोझमेरीचे जे प्रयोग केलेस ते सगळे मी विसरलेले नाही. तुपात लसूण आणि रोझमेरी परतून त्यात कडक भाकरीचे तुकडे घोळवलेस, ते मला मनापासून आवडलं होतं. मी तेव्हा "ठीक आहे" म्हणाले. बटाटे लोखंडी तव्यावर भाजून त्यावर ती पानं भुरभुरायचीस, तेही आवडायचं. शेंगाच्या चटणीत कुटलीस तेव्हा मात्र हद्द झाली. अण्णानं डब्यात नेली, आणि दुकानात सगळे विचारत बसले, सर्दी कुणाला झालीय म्हणून. अव्वा तर तिला नावच बामचं झाड ठेवून बसली. ताटात एक काडी दिसली तरी चिमटीत धरून ताटाबाहेर ठेवायची. "काय गं हे, सुवर्णा, माणसाला खायला घालायलीस का चोळायला?"

शेजारच्या पद्मक्काला मात्र तुझी रोझमेरी फळली. कुणीतरी मोबाईलवर बघून तिला सांगितलं की हिचं पाणी केसांना लावलं की केस वाढतात. दर आठवड्याला ती भिंतीवरून हात पुढं करायची आणि तू दोन काड्या तोडून द्यायचीस. परवा ती आली होती. भिंतीपलीकडं उभी राहिली, हात पुढं केला नाही. म्हणाली, "केस काय आले न्हाईत बघा माझे. पण सुवर्णाताईला सांगितलं न्हाई कधी. तिला वाटायचं, आलेत." मग म्हणाली, "झाड असं का दिसायलंय?"

का दिसतंय, ते तुला सांगायचं आहे. दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

आपल्यात सुतक पाळत नाहीत. त्यामुळं तू गेलीस त्याच्या दुसऱ्या सकाळी अव्वा नेहमीसारखी आंघोळ करून पूजेला बसली. पाहुण्यांनी घर भरलेलं होतं. तिनं गळ्यातलं लिंग तळहातावर घेतलं, पाणी घातलं, विभूती लावली, बेलाचं पान ठेवलं, डोळे मिटले. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. मला वाटलं, बरं झालं, हिला धरायला काहीतरी आहे. पूजा झाल्यावर ती तांब्या घेऊन उठली. पूजेचं पाणी ती इतकी वर्षं मागच्या बेलाला घालत आलेली. मोरीत टाकायचं नाही, कुणाच्या पायाखाली येऊ द्यायचं नाही, हे तर मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकते आहे. त्या दिवशी ती बेलापाशी थांबली नाही. तुझ्या कुंडीपाशी गेली आणि सगळा तांब्या तिच्यात रिकामा केला.

एका दिवसाचं असेल, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिनं कुंडीखाली स्टीलची परात ठेवली. खालून गळणारं पाणी पायदळी यायला नको म्हणून. आता कळलं का तुला? तू एवढं मोठं भोक पाडून, मुरूम घालून जे पाणी बाहेर काढायची सोय केलीस, ते सगळं त्या परातीत साचतं आणि कुंडी दिवसभर त्यात बसून असते. मुळं पाण्यात. रोज.

आणि मुळं सडायला लागली की वरचं झाड तहानल्यासारखं दिसतं. शेंडे मान टाकतात. अव्वा संध्याकाळी बाहेर येते, शेंडे बघते, म्हणते, "वाळायलंय गं, तहानलंय," आणि आणखी एक तांब्या आणते.

आता मी काय करायचं होतं, सांग. हे असलं काही अव्वाला सांगायचं असलं की ते काम तुझं असायचं. मी मोहोळहून आले तेव्हा मला कानडीचा एक शब्द येत नव्हता आणि अव्वाला रागात मराठी सुचायचं नाही. तू शाळेत जाणारी पोरगी. ती तावातावानं काहीतरी बोलायची आणि तू माझ्याकडे वळून सांगायचीस, "अव्वा म्हणतीय, दमली असशील, बस थोडं." वर्ष-दीड वर्षानं मला कानडी कळायला लागल्यावर समजलं की अव्वा असलं काही म्हणालीच नव्हती. मीठ जास्त झालं होतं, दार उघडं राहिलं होतं, माझ्या माहेरच्यांनी दिलेलं पातेलं हलकं होतं, असलं काहीतरी ती म्हणत असायची. माझं बोलणंही तू तिच्याकडे असंच नेत असशील. त्यातून आम्ही दोघी एकमेकींना आवडायला लागलो. तुझ्या खोटेपणावर हे घर उभं राहिलं आणि मी तुला कधी त्याबद्दल आभाराचा शब्द बोलले नाही. म्हणायचं होतं. त्यासाठी काही निमित्त लागतं असं मला वाटत होतं.

आता मधे कुणी नाही. मी माझ्या पद्धतीनं प्रयत्न केले.

आधी साधं बोलून बघितलं. "अव्वा, पूर्वीसारखं बेलाला घाला ना पाणी."

"बेलाला सगळी गल्ली घालतीय," ती म्हणाली. "हिला कोण हाय?"

मग मी कुंडी गच्चीवर नेली, तुझ्या खोलीच्या दाराशी. अव्वाचे गुडघे बघता ती जिना चढणार नाही, हा माझा हिशोब. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा भरताना जिन्यावर भांडं आपटल्याचा आवाज आला. बाहेर येऊन बघते तर ती जिन्यात बसलेली. एक पायरी बसून वर सरकायची, तांब्या वरच्या पायरीवर ठेवायची, परत सरकायची. पदर ओला झाला होता. माझ्याकडे बघून रागावली पण नाही. "ऊन लागतं व्हय हिला? मला सांगायचंस की. मी येते हळूहळू." मी तिच्या हातातून तांब्या घेतला, वर जाऊन कुंडी उचलली आणि परत खाली आणून ठेवली. परातीसकट.

फांद्या कापून लावायचा प्रयत्नही केला. तू करायचीस तसं खालची पानं काढून, वाळूत खोचून, ओल बेताची ठेवून. एकही लागली नाही. तू नेहमी दिवाळीनंतर, थंडी पडली की लावायचीस, ते आठवलं तेव्हा काड्या काळ्या झाल्या होत्या. थंडीपर्यंत हे झाड राहणार नाही.

तुझा अण्णा म्हणाला, "दुसरं आण की एक. गुपचूप बदलून ठेव. तिला काय कळतंय."

"तिला कळेल," मी म्हटलं.

"मग सांगून तरी टाक सरळ."

"तुम्ही सांगा."

तो पेपर वाचायला लागला. कालचाच होता तो. तू गेल्यापासून तो दुकानातून आला की तुझ्या खोलीकडं जाणाऱ्या जिन्याकडे पाठ करून बसतो. खुर्ची त्यानं कधी फिरवली ते मला कळलं नाही.

शेवटी मी ठरवलं की सांगायचं. कारखान्याला सुट्टी होती. वाक्य तयार केलं होतं, छोटं आणि न दुखवणारं. अव्वा, हिला रोज पाणी चालत नाही, सुवर्णा आठवड्यातून एकदाच घालायची. बस. एवढंच. अव्वा पूजा आटोपून बाहेर आली. मी तिच्या मागं गेले. ती कुंडीपाशी उकिडवी बसली आणि धार धरली. बारीक धार, लहान मुलाला पाजावं तशी. आणि पुटपुटत होती, "कुडी, यव्वा, कुडी." पी गं बाई, पी.

मी म्हटलं, "अव्वा."

तिनं मागं न बघताच बोलायला सुरुवात केली. जणू मी काय विचारणार ते तिला माहीत होतं.

"त्या दिवशी हाक मारली तिनं. अव्वा, जरा पाणी दे गं, म्हणाली. मधल्या खोलीत पडली होती. मी पूजेत. लिंग हातावर. मधी बोलायचं न्हाय, उठायचं न्हाय. म्हटलं, झाल्यावर देते. अशी काय घाई हाय हिला."

धार चालूच होती.

"परत हाक न्हाय मारली. मला वाटलं, उठून घेतली असंल. पूजा झाली, तांब्या घेऊन गेले, तर..."

त्या दिवशी मी कारखान्यातून धावत आले तेव्हा मधल्या खोलीतल्या पलंगाशेजारी जमिनीवर तांब्या होता. भरलेला. मीच तो उचलून स्वयंपाकघरात नेला होता, कुणाच्या पायाला लागेल म्हणून. तो तिथं का होता, असा विचार मी केला नव्हता.

मी अव्वाच्या शेजारी बसले. म्हटलं, "अव्वा, डॉक्टर काय म्हणाले ऐकलं ना तुम्ही? हृदय एका क्षणात थांबलं. पाणी दिलं असतं तरी काही फरक पडला नसता."

"डाक्टरला काय म्हाईत," ती म्हणाली. "तिला तहान लागली होती का न्हाय, ते सांग."

होती. तू मागितलंस म्हणजे होती.

माझं तयार वाक्य मी गिळलं. पण मी हातावर हात ठेवून बसणारी नाही, तुला माहीत आहे. मला वाटलं, यातून वाट निघेल. अव्वालाही घालू द्यायचं आणि झाडालाही जगू द्यायचं. अव्वा दुपारी झोपल्यावर मी कुंडी रिकामी केली. मुळं बघितली. निम्मी तपकिरी, हाताला बुळबुळीत, पण वरच्या बाजूची काही अजून पांढरी होती. सडलेली कात्रीनं छाटली. कुंडीचं भोक आणखी मोठं केलं, बाजूनंही दोन पाडली. आत नुसता मुरूम आणि विटांचे तुकडे, मातीचा कण नाही. परातीत तीन विटांचे तुकडे ठेवून त्यावर कुंडी बसवली, म्हणजे साचलेलं पाणी बुडाला लागणार नाही. तांब्याभर ओतून पाहिलं. आत्ता वरून, आत्ता खाली. झकास. तू असतीस तर पाठ थोपटली असतीस. तू गेल्यानंतर पहिल्यांदा मला एखादी गोष्ट जमल्यासारखी वाटली. अव्वा रोज घालील, झाड वाचेल, थंडी येईल, मी फांद्या लावीन. सगळं सुटलं होतं.

सकाळी अव्वानं पाणी घातलं. ते सरसर खाली उतरलं आणि परातीत वाजलं.

ती वाकून परातीत बघत राहिली. मग कुंडीकडे बघितलं. "सगळं खाली आलं," ती म्हणाली. "घोटभर पण घेतली न्हाय."

मी म्हटलं, "घेतलं असेल थोडं. मुरूम ओला झालाय बघा."

तिनं ऐकलं नाही. परात ओढली, त्यातलं पाणी तांब्यात भरलं आणि परत वरून घातलं. परत खाली आलं. परत भरलं, परत घातलं. बारीक धार धरून बघितली, एकदम ओतून बघितलं, ओंजळीनं बुडाशी थापून बघितलं. "कुडी, यव्वा." आवाज चढत नव्हता, ती रडतही नव्हती. एखादं काम करत बसावं तशी बसली होती. पूजेचं पाणी एव्हाना विटांनी लाल झालं होतं. माझी कारखान्याची वेळ टळली. पद्मक्का भिंतीपाशी आली, बघितलं आणि डोळे पुसत आत गेली. ऊन भिंतीवरून खाली उतरलं तरी अव्वा उठेना. मी खांद्याला हात लावला तेव्हा म्हणाली, "रागावलीय ती. माझ्या हातचं घेत न्हाय."

त्या दिवशी ती जेवली नाही. अण्णानं दोनदा विचारलं, मग तोही उठून गेला.

दुपारी मी परत कुंडी रिकामी केली. ह्या वेळी यादी नव्हती, काही ठरवलं नव्हतं. बेलाच्या बुडाशी जी काळी माती आहे, ओली झाली की चिकटून बसणारी, जी तू या कुंडीजवळ कधी येऊ दिली नाहीस, ती मी खुरप्यानं खणली. भोकांवर खापरीचे तुकडे बसवले. आधी एक, मग त्यावर दुसरा. माती भरली आणि अंगठ्यानं दाबली, चांगली घट्ट. तुझी मुळं त्यात पुरताना मला त्यांची शेवटची पांढरी टोकं दिसली. मी थांबले नाही. परात होती तिथं ठेवली.

तू मला थांबवलं असतंस का? मी हे सारखं विचारते. कधी वाटतं, हात धरून ओरडली असतीस, "वैनी, मारायलीस तू हिला." कधी वाटतं, जन्मभर अव्वापुढं डोकं वाकवून बसणारी तू, तूच खुरपं माझ्या हातात दिलं असतंस. दोन्हीपैकी खरं कुठलं, ते सांगणारं माणूसच आता घरात नाही, आणि हे मी तुलाच सांगते आहे, म्हणजे मला काय म्हणावं.

आणि हे झाड जाईल तेव्हा? अव्वा काय समजेल, ते मला ठाऊक आहे. ती म्हणेल, कमीच पडलं पाणी. मग तिला काय सांगायचं, याचा विचार मी करायला बसते आणि पुढं काही दिसत नाही. मला नेहमी पुढचं दिसतं. कुठली गाठ कुठल्या गाडीत, कुणाला आधी, कुणाला नंतर. इथं काही दिसत नाही.

दुसऱ्या सकाळी अव्वा पूजा करून आली. तांब्या घेऊन कुंडीपाशी बसली. धार धरली. पाणी मातीवर तसंच उभं राहिलं, तळं झालं. अव्वा बघत होती. मीही दारात उभी राहून बघत होते. फार वेळ लागला. मग हळूहळू, कडेकडेनं, ते आत जिरायला लागलं. परातीत एक थेंब आला नाही.

"पिली," अव्वा म्हणाली.

जमिनीला हात टेकून ती उठली. माझ्या शेजारून आत जाताना म्हणाली, "चहा टाक गं थोडा. साखर घाल जरा."

तू गेल्यापासून तिनं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी चहा टाकला. तो उकळेपर्यंत ओट्यापाशी उभी राहून खिडकीतून बाहेर बघत होते. वरची पानं अजून हिरवी आहेत, सुवर्णा. इथून बघितलं तर झाडाला काही झालंय असं वाटत नाही.